ओव्हरफ्लोच्या कोपऱ्यातली आयरिस : माझ्या नोंदी

९ जून २०२४, रविवार

कालच्या पावसाने मागच्या पट्ट्यात परत तळं साचलं. आमचा फ्लॅट तळमजल्यावर, पुण्यात सिंहगड रोडला, आणि बिल्डिंगची भिंत नि कंपाउंड यांच्यामधे जेमतेम चार फूट रुंद अकरा फूट लांब अशी मातीची पट्टी आमच्या वाट्याला आलीय. तिच्या एका टोकाला गच्चीवरच्या बोअरच्या टाकीचा ओव्हरफ्लो पाईप उतरतो. वॉचमन काका मोटर लावतात आणि पेपर वाचत बसतात, मग रोज सकाळी अर्धा तास धबधबा. त्या कोपऱ्यात आत्तापर्यंत दोन तुळशी, एक गुलाब, एक कढीपत्ता आणि नवऱ्याने हौसेने आणलेलं लिंबू गेलं. जगलं ते फक्त अळू, आणि ते इतकं माजलं की फदफदं करून, वड्या करून, बिल्डिंगभर वाटून झालं, आता लोक मला जिन्यात बघून घाईत असल्यासारखं करतात.

नवरा म्हणतो पाईप फिरवून घेऊ. मी म्हंटलं पाईप कशाला फिरवायचा, पाण्यात पाय बुडवून बसायला आवडतं अशी झाडं लावू की, ओलीतली आयरिस, तलवारीसारख्या पानांची नि मोठ्या फुलांची. म्हणून ही वही.

१६ जून

शेजारच्या विंगमधल्या आजींकडून वॉकिंग आयरिसची दोन पिल्लं आणली. निओमारिका हे खरं नाव, आयरिसच्याच कुळातली पण सख्खी आयरिस नाही, चुलतबहीण म्हणा. फुलाच्या दांड्याच्या टोकालाच बाळरोप येतं, त्याच्या वजनाने दांडा वाकतो, जमिनीला टेकला की तिथे मूळ धरतो, असं एकेक पाऊल टाकत चालतं म्हणून वॉकिंग. ओल आवडते पण पाण्यात उभी नाही राहत, त्यामुळे तिला पाईपपासून लांबच्या टोकाला, सावलीत लावली.

आता सख्ख्या आयरिस. रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसले आणि डोकं गरगरलं. आपल्याला फोटोत दिसते ती दाढीवाली, म्हणजे पाकळीवर केसांचा पट्टा असलेली, जर्मन आयरिस, तिला ओल अजिबात चालत नाही, कंद उन्हात उघडा लागतो. सायबेरियनला थंडी पाहिजे, पुण्याची डिसेंबरातली दहा डिग्री तिच्या खिजगणतीत नसावी. जपानी आयरिस, म्हणजे एन्साटा, ओलीची आहे आणि फूल बशीएवढं, पण माती आम्ल लागते आणि चुन्याचं वावडं. लुईझियाना आयरिस दलदलीतली, उन्हाळ्याची सवय असलेली. आणि पिवळी, स्यूडॅकोरस, ती कुठेही येते, पाण्यात, चिखलात, गटाराकाठी.

हीच कुठेही येणारी मी मुद्दाम आणणार नाहीये. मूळची युरोपातली, अमेरिकेत नदीकाठाला सुटली आणि आता तिथे उपटून दमलेत लोक. माझा ओव्हरफ्लो शेवटी नाल्यात जातो नि नाला मुठेत. जलपर्णीसुद्धा कुणीतरी जांभळं फूल छान दिसतं म्हणूनच आणली असणार ना. मुळा-मुठेची दशा बघता त्यात माझी भर नको.

२३ जून

ठरलं, जपानी आयरिस. हो हो, चुना चालत नाही वगैरे सगळं वाचून, पण त्या फोटोने मला घेतलंच. ऑनलाइन पाच कंद ऑर्डर केले, पाठवायला ऑगस्ट उजाडेल म्हणाले.

तोवर गवंडी बोलावून पाईपखाली छोटा हौद बांधून घेतला, पाच फूट बाय अडीच, दीड फूट खोल, विटा आणि सिमेंट, काठावर घरातच पडून असलेल्या शहाबादी फरश्या. साडेचार हजार गेले. दिसतो मात्र देखणा. नवऱ्याने त्यात पाय सोडून चहा घेतला, म्हणजे त्याचाही विरोध मावळला.

२७ जुलै

गुरुवारी खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि नदीकाठच्या एकता नगरीत घराघरात शिरलं. आमची गल्ली चढावर म्हणून वाचलो, पण लाईट नाही, रात्रभर सायरन आणि लोकांचे आवाज. मैत्रिणीच्या घरचं सगळं सामान भिजलं, दोन दिवस तिच्याकडेच होतो चिखल काढायला. झाडांची नोंद करायचं मन नाही. हौद पावसाने काठोकाठ भरलाय एवढंच.

११ ऑगस्ट

पार्सल आलं. ओल्या पेपरात गुंडाळलेले पाच गड्डे, आल्यासारखे दिसतात, वर पानांचा कापलेला पंखा. एक गड्डा दाबला तर मऊ, वास घाणेरडा, फेकला. राहिले चार.

पण गंमत म्हणजे पानं. एन्साटाच्या पानाला मधोमध ठसठशीत शीर असते, अंगठा फिरवला की कळते, हीच तिची सगळ्यात सोपी ओळख. माझ्या चारही पानांवर अंगठा गुळगुळीत घसरतो. म्हणजे ही जपानी नाहीच! विचारलं तर विक्रेता म्हणतो मॅडम फूल आल्यावर बघा. फुलाला सात महिने तरी लागणार, तोवर तुझी रिटर्न पॉलिसी संपलेली असेल बाबा.

लावणी: भोक नसलेले चार प्लास्टिकचे टब. दोन भाग लाल माती, एक भाग जुनं शेणखत. काळी माती घातली नाही, आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात. कोकोपीट पण नाही, ते तरंगतं आणि सकाळी हौदावर कॉफी सांडल्यासारखं दिसतं. कंद इंचभर मातीखाली, वर बारीक खडीचा थर म्हणजे माती उठत नाही. टब हौदात विटांवर असे ठेवले की मातीवर दोन बोटं पाणी राहील.

डासांसाठी दहा गप्पी मासे सोडले. सोसायटीत डेंग्यूची नोटीस लागलीये, आणि महापालिकेचे लोक आले तर हौद बघून पहिलं माझंच नाव लिहून घेतील.

१३ ऑगस्ट

दहापैकी आठ गप्पी मेले. दुकानदार म्हणाला पिशवीतून सोडताना टेंपरेचर बदललं असेल. असेल.

(नंतर लिहितेय: नव्हतं. पुढे वाचा. मासे मला दोन दिवसांत सांगत होते ते कळायला मला महिना लागला.)

२८ ऑगस्ट

नवी पानं पिवळी. नुसती पिवळी नाहीत, उभ्या रेघा हिरव्या आणि मधला भाग लिंबासारखा. जुनी पानं त्या मानाने बरी.

व्हॉट्सअपवर फोटो टाकला तर सतरा जणांचं एकच उत्तर, पाणी जास्त झालं, मुळं सडली, कुंडीत हलव. अहो दलदलीतलं झाड आहे ते! तरीही जीव राहवेना म्हणून एक टब उपसून गड्डा बाहेर काढला. मुळं पांढरी, कडक, वास फक्त मातीचा. सडलेलं काही नाही. परत लावला आणि त्याला आठवडाभर मागे पाडला, एवढंच झालं.

१ सप्टेंबर

सासूबाई वाईहून आल्या, गणपतीपर्यंत आहेत. हौदाजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "अगं, वेखंड कधी लावलंस?" मी म्हंटलं आई, हे वेखंड नाही, आयरिस. त्यांनी पानाचं टोक तोडलं, चुरगाळलं, नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं. "वास नाही गं याला. मग काय उपयोग."

त्यांची काहीच चूक नाही. दोन्हीची पानं तलवारीसारखी, दोन्ही पाणथळ जागी, दोन्हीचे गड्डे आडवे वाढणारे. लिनियससुद्धा १७५३ मध्ये पिवळ्या आयरिसला स्यूडॅकोरस म्हणून गेला, म्हणजे खोटा अकोरस, आणि अकोरस म्हणजेच आपलं वेखंड. नात्याने मात्र लांब आहेत. वेखंडाला फूल म्हणजे करंगळीएवढं हिरवट कणीस, आणि त्याच्या पानाला शीर असते पण बरोबर मधे नाही, जरा एका बाजूला. आई हे ऐकून म्हणाल्या शीर कशाला बघायची, वास घ्यायचा. मुद्दा बरोबर आहे.

मी त्यांना एक गोष्ट मात्र दोनदा सांगितली, आयरिसचा कंद पोटात जायला नको, उलट्या-जुलाब होतात, आणि चीक हाताला लागला तर काहींना खाजही येते. घरात वेखंड आणि आयरिस शेजारी शेजारी असतील आणि उद्या कुणी बाळासाठी तुकडा कापून नेला तर? पाट्या लावायला हव्यात.

५ सप्टेंबर

कळलं!!

मुलाच्या शाळेच्या प्रयोगाला आणलेल्या पीएच पट्ट्या उरल्या होत्या, सातच्या खाली आम्ल, वर अल्कधर्मी. सहज हौदात बुडवली तर गडद निळी. चार्टवर दहाच्या आसपास. बोअरचं पाणी थेट पाईपमधून घेतलं तर आठच्या थोडं वर. नळाचं सातच्या आसपास. म्हणजे बोअरचं पाणी मुळात थोडं अल्कधर्मी आहेच, पण दहा कुठून आलं? सिमेंटमधून. नव्या सिमेंटमधला चुना कितीतरी दिवस पाण्यात उतरत राहतो आणि मी तर गवंड्याने क्युरिंग झालं म्हंटल्यावर सरळ टब ठेवून मोकळी. पावसाचं पाणी तर मऊ, त्यात हा चुना अडवणारं काहीच नव्हतं. गप्पी त्यानेच मेले.

आणि पानं पिवळी का, तर मातीत लोह आहे, लाल माती लाल असते ती लोहामुळेच, पण पाणी अल्कधर्मी झालं की ते मुळांना घेता येत नाही. भरल्या ताटापुढे उपाशी. लोह जुन्या पानातून नव्याकडे सरकत नाही म्हणून आधी नवी पानं पिवळी पडतात. जास्त पाणी झालं म्हणणारे सतरा जण अगदीच चुकले नाहीत, दोष पाण्याचाच होता, फक्त किती पाणी हा प्रश्न नव्हता, कसलं पाणी हा होता.

१४ सप्टेंबर

टब बाहेर काढून हौद तीनदा रिकामा केला, काथ्याने घासला, परत भरला. गौरी-गणपती परवा गेले. मखराचे केळीचे खांब होते ते कापून हौदात टाकले, मासे पाळणारे लोक नवी टाकी मुरवायला हेच करतात. आठ-दहा दिवस सडू द्यायचे आणि मग सगळं पाणी फेकायचं. वास असा सुटलाय की वरच्या मजल्यावरून निरोप आला. आई म्हणाल्या त्यांना सांग, बाप्पाचा प्रसाद आहे.

टबांचा या निमित्ताने प्रयोग करतेय. अ आणि ब ला बोअरचं पाणी, क आणि ड ला पावसाचं आणि ते संपलं की नळाचं. ऊन सारखं, माती सारखी, खत कुणालाच नाही. महिनाभर हात लावायचा नाही.

२० ऑक्टोबर

क आणि ड ची नवी पानं हिरवीगार, ड ला बाजूने दोन कोंब. अ आणि ब तसेच पिवळे, ब च्या पानाची टोकं जळलीत. आरओवाल्याने गळ्यात मारलेलं टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं, पहिल्यांदा उपयोगी पडलं, नळाचं ८५, बोअरचं ६४०. टीडीएस म्हणजे पीएच नव्हे हे खरं, पण आमच्या बोअरमधे जे विरघळलंय त्यात बहुतेक चुनाच आहे, गीझरच्या कॉईलवरचा पांढरा थर साक्षीला आहे. आणि आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घालणाऱ्यांनी मीटर एकदा त्या पाण्यातही बुडवून बघावं, मूळ पाण्यापेक्षा जास्तच येतं.

२७ ऑक्टोबर

आज अ आणि ब ला हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, दिलं, आणि शहाणपणा नडला. बोअरच्याच पाण्यात कालवलं. हिरवट पाणी बघता बघता तपकिरी झालं, म्हणजे लोह गंजून तळाला बसलं, झाडाला शून्य. ते चिडून ओतलं ते शहाबादी फरशीवर. आता फरशीवर पान खाऊन थुंकल्यासारखे डाग आहेत, दिवाळी चार दिवसांवर, आणि नवरा म्हणतो रांगोळी तिथेच काढ.

दुसऱ्यांदा नळाच्या पाण्यात, आधी चिमूटभर लिंबूसत, मग हिराकस. हे पाणी स्वच्छ राहिलं. शिवाय कृषी सेवा केंद्रातून चिलेटेड लोहाची पुडी आणली, ते अशा पाण्यात जरा टिकतं, पंधरा दिवसातून एकदा पानांवर फवारा.

१७ नोव्हेंबर

चारही हिरवे. हौदाचं पीएच साडेसातपर्यंत उतरलंय. टब परत आत. ओव्हरफ्लोचं पाणी हौदात पडू नये म्हणून पाईपला एल्बो लावून धार अळवाकडे वळवली, अळवाला काहीही चालतं, त्याचं पोट वेगळं आहे. म्हणजे शेवटी पाईप फिरवावाच लागला, हे घरात कुणी मोठ्याने बोललं नाही पण नवऱ्याने शिट्टी वाजवली.

हौदात आता नळाचं पाणी, दर दोन दिवसांनी एक बादली. नवे गप्पी सोडले, सहा, सगळे जिवंत.

२६ जानेवारी २०२५

मधे नोंदी राहिल्या. थंडीत झाडं झोपतील असं वाटलं होतं, उलट डिसेंबर-जानेवारीतच सगळ्यात जोरात वाढली, पानं अडीच फूट. ही सवय लुईझियानाची आहे, हिवाळ्यात वाढायचं आणि कडक उन्हाळ्यात गप्प पडायचं. विक्रेत्याची चूक असेल तर देव त्याचं भलं करो, जपानी असती तर इथवर आली नसती.

आमच्या भागात जीबीएस, म्हणजे हातापायातली ताकद जाणारा आजार, त्याचे पेशंट निघाले आणि संशय पाण्यावर, म्हणून सगळे पाणी उकळून पितायत, आणि बिल्डिंगमधे माझ्याकडे टीडीएस मीटर आहे हे कळल्यामुळे लोक बाटल्या घेऊन येतायत. प्रत्येकाला तेच सांगते, याने जंतू कळत नाहीत, फक्त क्षार कळतात, ८५ आलं म्हणून न उकळता पिऊ नका.

आज एम्प्रेस गार्डनचं फुलांचं प्रदर्शन बघून आले. इकेबानात, म्हणजे जपानी पुष्परचनेत, ग्लॅडिओलस होते, आयरिसचेच नातलग, केशरही त्याच कुळातलं. खरी आयरिस काही मला दिसली नाही. गर्दी इतकी की फुलांपेक्षा मोबाईलच जास्त बघितले.

१६ फेब्रुवारी

पानांच्या बगलेत पिठ्या ढेकूण. साबणाचं पाणी हौदाशेजारी नको, मासे मरतील, म्हणून जुना टूथब्रश. रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी वेचल्या, अकरा निघाल्या. क ला खाली शेणखताचा एक गोळा जास्त पडला होता बहुतेक, त्या टबात हिरवं शेवाळ नि बुडबुडे. पाण्यातल्या झाडाला खत कमी आणि खोल, वर अजिबात नाही, हे लक्षात ठेवायचं.

९ मार्च

ड च्या मधून एक गोल दांडा वर येतोय, पानासारखा चपटा नाही. मी काही बोलणार नाही. दृष्ट लागते.

१६ मार्च, रविवार

सकाळी सहा चाळीसला पहिली कळी उघडलेली सापडली. जांभळी नाही! तांब्याच्या जुन्या घंगाळासारखी, विटकरी-लाल, बुडाशी पिवळी रेघ, सहाही पाकळ्या सपाट आणि जरा खाली झुकलेल्या, दाढी नाही. लुईझियानाच, आणि रंगावरून त्यात फुल्व्हा नावाच्या तांबड्या जातीचं रक्त आहे हे नक्की. या गटात पाच मूळ जाती धरतात, फुल्व्हा, हेक्सागोना, ब्रेव्हिकॉलिस, जायगँटिसेरुलिया आणि नेल्सोनी, त्यात असा तांबडा रंग खरा फुल्व्हाचा, नाहीतर तिच्यापासून आलेल्या नेल्सोनीचा. दांड्यावर अजून चार कळ्या आहेत, एकेक करून उघडतील.

आईंना व्हिडिओ कॉल केला. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "रंग छान आहे गं. पण वास?"

नाही आई, वास नाही.

३० मार्च

पाडवा. शेवटचं फूल काल मिटलं. पाच फुलं, प्रत्येक दोन ते तीन दिवस. अ, ब, क ला एकही दांडा नाही, अ आणि ब चे शरदातले दीड महिने पिवळेपणात गेले त्याची ही वसुली. क ने का रुसवा धरला कळलं नाही, खताचा राग असेल. वॉकिंग आयरिसने मात्र गुपचूप तीन फुलं दिली, सकाळी उघडून संध्याकाळी गुंडाळलेली, दोन तर मी ऑफिसला असताना येऊन गेली.

२० एप्रिल

पारा चाळीसच्या घरात. पानं वरून वाळतायत, यावेळी घाबरले नाही, विश्रांती आहे. हौदावर हिरवी शेडनेट. पाणी आटतं आणि क्षार मागे राहतात म्हणून भर घालायला एसीचं पाणी. बेडरूमच्या एसीखाली बादली लावली तर रात्रीत पाच-सहा लिटर, मीटरवर १२! हवेतलीच वाफ थंड होऊन गळते, त्यात क्षार कुठून येणार. वर्षभर मऊ पाणी शोधत होते आणि ते खिडकीतून खाली ठिबकत होतं.

२७ मे

पाऊस मे महिन्यातच, काल मान्सून पुण्यात आल्याचं जाहीर झालं. एसीची बादली उलटी करून ठेवली, पन्हाळीखाली ड्रम लावला.

ड उपसला. फूल दिलेला मधला गड्डा परत फुलत नाही, पण त्याच्या बाजूने पाच तुकडे निघाले, प्रत्येकाला पानांचा पंखा आणि मुळं आहेत. नियमाप्रमाणे ही विभागणी ऊन पूर्ण उतरल्यावर करतात, पण हवा इतकी गार पडली की मोह आवरला नाही. दोन हौदात, एक आजींना, एक मैत्रिणीला तिच्या दुरुस्त केलेल्या घरासाठी, आणि एक आईंना वाईला.

आईंनी त्या बदल्यात खऱ्या वेखंडाचा गड्डा पाठवलाय, पेपरात बांधलेला, पिशवी उघडली तर स्वयंपाकघरभर वास. तो अळवाच्या बाजूला चिखलात लावला. पाट्या पण केल्या, आईस्क्रीमच्या डब्याची झाकणं कापून, परमनंट मार्करने. एकीवर "वेखंड". दुसरीवर "आयरिस, वास नाही, पोटात घेऊ नये".

तुकडा कुरिअरने पाठवताना त्यालाही तीच चिठ्ठी बांधलीय. वाईला नवीन पणती झालीये.